विमान उतरतानाच्या संवादाबद्दल विमानतळ प्राधिकरण आणि महासंचालनालयास खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, भारतीय विमानतळ प्राधिकरण, नवी दिल्ली
मा. महासंचालक, नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, नवी दिल्ली

प्रत माहितीसाठी : कोल्हापूर विमानतळ सल्लागार समितीचे सर्व सदस्य

विषय : विमान उतरताना वैमानिक आणि हवाई वाहतूक नियंत्रण कक्ष यांच्या बोलण्यात होणाऱ्या चुका, आणि त्या अपघात होण्याआधीच उघड्यावर येण्याची व्यवस्था करणेबाबत.

महोदय,

विमानतळासाठी आम्ही कोल्हापूरकरांनी आजवर तुमच्याकडे पुष्कळ मागण्या केल्या. छत्रपती राजाराम महाराजांनी १९३९ साली उजळाईवाडीला विमानतळ उभा केला आणि नंतर वर्षानुवर्षं तिथे नियमित विमानच नव्हतं, याची बोच इथल्या जुन्या माणसांना होती. त्यापायी निवेदनं झाली, बैठका झाल्या, खासदारांच्या मागे लकडा लावून झाला. १३७० मीटरची धावपट्टी १९३० मीटर झाली, आता ती २३०० मीटर व्हावी म्हणून आम्ही बसलो आहोत. रात्री विमान उतरावं म्हणून भांडलो. १० मार्च २०२४ रोजी नव्या टर्मिनलचं उद्घाटन झालं. हे सगळं हवंच होतं. पण या सगळ्या पाठपुराव्यात एक प्रश्न आमच्यापैकी कुणी विचारला नाही. विमान जमिनीला टेकण्याआधीच्या शेवटच्या दहा-पंधरा मिनिटांत कॉकपिट आणि टॉवर, म्हणजे नियंत्रण कक्ष, यांच्यात जे बोलणं होतं, ते नीट होतं आहे की नाही हे कोण तपासतं, आणि त्यात काही चुकलं तर ते कुणाला कळतं?

हा प्रश्न मला पडतो त्याला कारण आहे. माझी सगळी नोकरी पोलिसांच्या बिनतारी संदेश विभागात गेली. मी वैमानिक नाही, विमानतळावर कधी काम केलेलं नाही. पण वायरलेसवरून दिलेला निरोप कसा बिघडतो हे मी जवळून पाहिलं आहे.

२०१९ च्या ऑगस्टमधला महापूर आठवा. पुण्या-बंगळूरचा महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली गेला आणि शहराचा रस्ता तुटला. त्याच वेळी पलीकडे शिरोळ तालुक्यातली गावंच्या गावं पाण्यात होती. शिरोली आणि शिरोळ. पावसाचा आवाज, सेटची खरखर, पलीकडचा माणूस दोन रात्री न झोपलेला, आणि बोट कुठे पाठवायची ते सांगायचंय. अशा वेळी नुसतं गावाचं नाव सांगून चालत नाही. ‘पुलाची शिरोली’ म्हणायचं, ‘तालुका शिरोळ’ म्हणायचं, पलीकडच्याकडून ते पुन्हा वदवून घ्यायचं, आणि त्याने काय म्हटलं ते कान देऊन ऐकायचं. या शेवटच्या पायरीवरच माणूस ढिला पडतो. आपण सांगितलं म्हणजे त्याला कळलं असं धरून पुढच्या निरोपाकडे वळतो.

विमानाच्या जगात हीच पद्धत कायद्याने बांधलेली आहे. नियंत्रकाने उंची, दिशा, धावपट्टी, हवेच्या दाबाचा आकडा दिला की वैमानिकाने तो परत म्हणून दाखवायचा, म्हणजे रीडबॅक. आणि नियंत्रकाने तो रीडबॅक ऐकून चुकीचा असेल तर तिथल्या तिथे दुरुस्त करायचा. नियम उत्तम आहे. तरीही चुका होतात, आणि त्यातल्या बऱ्याचशा उतरतानाच होतात, कारण सगळ्यात जास्त काम त्याच मिनिटांत असतं. वेग कमी करायचा, पंखांचे फ्लॅप काढायचे, चाकं काढायची, याद्या तपासायच्या, ढग-पाऊस-वारा पाहायचा, एका नियंत्रकाकडून दुसऱ्याकडे जाताना फ्रीक्वेन्सी बदलायची, आणि या सगळ्यात कानावर पडणारा प्रत्येक आकडा बरोबर पकडायचा.

२३ मे २०२२ ला पॅरिसच्या शार्ल द गोल विमानतळावर जे झालं ते मी कधीपासून इथल्या मित्रांना सांगतो आहे. स्टॉकहोमहून आलेलं एअरबस ए-३२० उतरत होतं. आत १७२ प्रवासी. सरी पडत होत्या, ढग खाली आलेले. त्या धावपट्टीचं आयएलएस दुरुस्तीसाठी बंद होतं, म्हणजे जमिनीवरून विमानाला उतरणीचा मार्ग दाखवणारा रेडिओ किरण नव्हता. अशा वेळी विमान उंचीसाठी स्वतःच्या उंचीमापकावर अवलंबून असतं, आणि हा मापक हवेच्या दाबावर चालतो. त्या ठिकाणचा त्या वेळचा दाब टॉवरकडून घेऊन मापकात भरावा लागतो. खरा आकडा होता १००१. नियंत्रकाच्या तोंडून गेला १०११.

वैमानिकाने १०११ असं परत म्हणून दाखवलं. नियंत्रकाला त्यात काही खटकलं नाही, कारण आपण १००१च दिलाय असंच त्याच्या मनात होतं. त्याच वेळी दुसऱ्या वैमानिकांशी फ्रेंचमध्ये बोलताना आकडा बरोबर जात होता. या एका विमानाला तेवढा दहाचा फरक पडला. हेक्टोपास्कल हे दाब मोजण्याचं एकक, आणि दहा हेक्टोपास्कल म्हणजे साधारण २८० फूट. कॉकपिटमधले आकडे सांगत होते की विमान बरोबर उंचीवर आहे, आणि प्रत्यक्षात ते तितकं खाली होतं. ठरलेल्या किमान उंचीला धावपट्टी दिसेना म्हणून वैमानिकांनी विमान पुन्हा वर घेतलं. त्या क्षणी विमान जमिनीपासून सहा फुटांवर होतं, आणि धावपट्टी अजून दीड किलोमीटरच्या आसपास पुढे होती. जमिनीजवळ गेल्याची सूचना देणाऱ्या विमानातल्या यंत्राने काहीच आवाज केला नाही. पुढच्या फेरीतही तोच चुकीचा आकडा मापकात होता. यावेळी धावपट्टीचे दिवे दिसले आणि विमान सुखरूप उतरलं.

सहा फूट. उंच माणूस उभा राहील इतकीच जागा. फ्रान्सच्या तपास यंत्रणेने हे सगळं मिनिटामिनिटाच्या संभाषणासह दोन महिन्यांच्या आत जगासमोर ठेवलं. कुणी मेलं नव्हतं, विमानाला ओरखडा नव्हता, तरी ठेवलं. म्हणूनच उजळाईवाडीपासून हजारो मैल लांबची ती गोष्ट मला आज सांगता येते.

आता आपल्याकडचा पावसाळा धरा. जून ते सप्टेंबर इथे ढग किती खाली येतात हे जोतिबाला किंवा पन्हाळ्याला गेलेल्या कुणालाही सांगायला नको. अशा दिवसांत हवेच्या दाबाचा तो चार आकडी निरोप हीच विमानाची खरी उंची असते. तो चुकला आणि दुसऱ्या कानाने पकडला नाही, तर धावपट्टी २३०० मीटर असून उपयोग काय?

आकड्यांचे घोटाळे जुने आहेत. १९ फेब्रुवारी १९८९ ला क्वालालंपूरजवळ फ्लाइंग टायगर कंपनीचं मालवाहू बोईंग ७४७ उतरत होतं. नियंत्रकाला २४०० फुटांपर्यंत खाली या असं सांगायचं होतं. त्याने ‘टू फोर झिरो झिरो’ असे सुटे आकडे म्हटले. वैमानिकांनी पहिल्या ‘टू’चा अर्थ ‘दोन’ न घेता इंग्रजीतला ‘पर्यंत’ असा घेतला आणि ‘ओके, फोर झिरो झिरो’ असं उत्तर दिलं. चारशे. ते उत्तर तिथे कुणी अडवलं नाही. समोर ४३७ फुटांची टेकडी होती. चारही कर्मचारी गेले. अशाच अनुभवांमुळे आज उंची हजार-शेकड्यांत म्हणण्याचे काटेकोर नियम आहेत, तीनला ‘ट्री’ आणि नऊला ‘नाइनर’ म्हणतात. माझी विनंती एवढीच की घाईच्या वेळी हे नियम सैल होतात, हे गृहीत धरूनच व्यवस्था करा.

वायरलेसवाला म्हणून आणखी एक गोष्ट मला सांगितलीच पाहिजे, कारण सामान्य प्रवाशाला तिची कल्पना नसते. एका फ्रीक्वेन्सीवर एका वेळी एकानेच बोलायचं असतं. दोघांनी एकदम बटण दाबलं की दोघांचंही बोलणं जातं. आमचे पोलिसांचे सेट एफएमवर चालायचे. त्यात जोरदार आवाज कमजोर आवाजाला पूर्ण गिळतो आणि गिळला गेलेला माणूस बोलत होता हेसुद्धा कळत नाही. विमानं अजूनही एएमवर बोलतात, त्याचा एक फायदा हा की दोन आवाज आदळले तर निदान कर्कश शिट्टी तरी ऐकू येते. २७ मार्च १९७७ ला स्पेनच्या तेनेरिफे बेटावर, धुक्यात, अशीच शिट्टी केएलएम या डच कंपनीच्या विमानाच्या कॉकपिटमध्ये वाजली. टॉवरचं ‘थांबा, मी सांगतो’ आणि पॅन-अम या अमेरिकी कंपनीच्या विमानाचं ‘आम्ही अजून धावपट्टीवरच आहोत’ हे दोन्ही निरोप त्या शिट्टीत बुडाले. केएलएमचं विमान धावतच राहिलं आणि पॅन-अमवर आदळलं. ५८३ माणसं गेली. ती वेळ उड्डाणाची होती, उतरण्याची नव्हती, पण रेडिओ तोच आणि धोकाही तोच. शिट्टी ऐकू आली की सगळं थांबवून पुन्हा विचारायचं, ही सवय अंगात मुरायला सराव लागतो. तो सराव छोट्या विमानतळांवरच्या नियंत्रकांना किती मिळतो? मुंबई-दिल्लीचा नियंत्रक दिवसभर गर्दी हाताळतो. कोल्हापूरसारख्या ठिकाणी बराच वेळ शांतता असते, आणि मग पाऊस भरून आलेला असताना दोन विमानं एकामागोमाग येतात. या अचानक येणाऱ्या ताणाची तयारी वेगळी करावी लागते.

याहून अवघड भाग माणसाच्या संकोचाचा आहे, आणि तो आपल्या समाजात फार खोल आहे.

२५ जानेवारी १९९० ला कोलंबियाच्या आव्हियांका कंपनीचं विमान न्यूयॉर्कला उतरण्याची वाट पाहत वाटेत तासाहून जास्त घिरट्या घालत होतं. इंधन संपत आलं होतं. कॅप्टन सहवैमानिकाला सांगत होता की आणीबाणी आहे असं त्यांना कळव. सहवैमानिकाने टॉवरला कळवलं की आमचं इंधन संपत चाललंय. ‘इमर्जन्सी’ किंवा ‘मेडे’ हा शब्द त्याने उच्चारला नाही, आणि तो शब्द न आल्यामुळे टॉवरने त्यांना इतरांसारखंच वागवलं. विमान लाँग आयलंडवर कोसळलं, ७३ जण गेले. मोठ्या विमानतळाच्या गडबडीत, परक्या भाषेत, समोरच्या अधिकारी आवाजाला ‘आता सगळं सोडा आणि आम्हाला आधी उतरवा’ असं ठणकावून सांगणं त्या तरुणाला जमलं नाही.

आपल्याकडे ‘साहेब’ म्हणायची सवय लहानपणापासूनची. २२ मे २०१० ला मंगळूरला एअर इंडिया एक्स्प्रेसचं विमान धावपट्टी ओलांडून दरीत गेलं, १५८ जण मृत्युमुखी पडले. सहवैमानिकाने विमान पुन्हा वर घ्या असं कॅप्टनला तीनदा सांगितल्याचं चौकशीत आलं. त्याने सांगितलं, हे महत्त्वाचं. पण ऐकलं गेलं नाही. कॉकपिटमध्ये जे होतं तेच कॉकपिट आणि टॉवर यांच्यातही होतं. ‘पुन्हा सांगा’ म्हणायला नव्या वैमानिकाला संकोच वाटतो, ज्येष्ठ कॅप्टनचा रीडबॅक चुकला म्हणायला तरुण नियंत्रकाला संकोच वाटतो. हा संकोच परिपत्रकाने जात नाही. दोघं एकमेकांना ओळखत असतील, एकमेकांचं काम पाहिलेलं असेल, तर जातो.

हरियाणातल्या चरखी दादरीची टक्कर तर आपल्याच देशातली. १२ नोव्हेंबर १९९६. दिल्लीकडे उतरणारं कझाकस्तानचं इल्युशिन आणि दिल्लीहून निघालेलं सौदीचं बोईंग ७४७ आकाशात धडकलं, ३४९ जण गेले. इल्युशिनला १५ हजार फुटांवर राहायला सांगितलं होतं, सौदी विमान १४ हजारांवर होतं. कझाक विमानात टॉवरशी बोलणारा रेडिओ ऑपरेटर वेगळा आणि विमान चालवणारे वेगळे. निरोप कानापर्यंत पोचला, हातापर्यंत पोचला नाही. न्यायमूर्ती लाहोटी आयोगाच्या चौकशीनंतर टक्कर टाळणारी टीकॅस यंत्रणा विमानात सक्तीची झाली, दिल्लीला येण्या-जाण्याचे मार्ग वेगळे झाले. यंत्रं आली, आणि त्यांनी जीव वाचवले यात शंका नाही. पण पॅरिसच्या त्या विमानातही २०२२ मध्ये सगळी यंत्रं होती.

आणि रीडबॅक बरोबर असूनही अपघात होतो, हे २ जानेवारी २०२४ ला टोकियोच्या हानेदा विमानतळाने दाखवलं. तटरक्षक दलाच्या छोट्या विमानाला ‘तुमचा क्रमांक पहिला, थांब्यापर्यंत जा’ असं टॉवरने सांगितलं. त्यांनी धावपट्टीबाहेरच्या त्या थांब्याचं नाव अचूक परत म्हटलं. पण ‘पहिला क्रमांक’ ऐकून धावपट्टीवर जायला परवानगी मिळाली असा कॅप्टनचा समज झाला, आणि उतरणारं जपान एअरलाइन्सचं विमान त्यांच्यावर आलं. मोठ्या विमानातले ३७९ जण जळत्या विमानातून बाहेर पडले, छोट्या विमानातले सहापैकी पाच गेले. ऐकू येणं आणि समजणं यातल्या या फटीवर फक्त नियमावलीने पकड बसत नाही. रोजच्या खऱ्या संभाषणात अशा फटी कुठे पडतात हे ऐकावं लागतं.

म्हणून माझी मुख्य मागणी. ८ जून २०२४ ला मुंबईत एअर इंडियाचं विमान धावपट्टीवरून उडत असतानाच त्याच धावपट्टीवर मागून इंडिगोचं विमान उतरलं. चित्रफीत सगळ्यांनी पाहिली. संबंधित नियंत्रकाला लगेच ड्यूटीवरून बाजूला केलं गेलं. चौकशी होईपर्यंत माणसाला बाजूला ठेवणं समजू शकतो. पण त्या दिवशी देशभरच्या टॉवरमध्ये बसलेल्या प्रत्येक तरुणाने यातून काय धडा घेतला असेल? ज्या चुकीची चित्रफीत नाही, जी फक्त आपल्याला आणि एका वैमानिकाला माहीत आहे, ती तो स्वतःहून सांगेल?

अमेरिकेत १९७६ पासून वैमानिक आणि नियंत्रक आपल्या चुका नासाकडे कळवतात. विमान कंपनीकडे नाही, नियामकाकडे नाही. ज्याच्या हातात शिक्षा नाही अशा तिसऱ्या संस्थेकडे. नाव-गाव काढून टाकलं जातं, दहा दिवसांत कळवलं तर हेतुपुरस्सर नसलेल्या चुकीबद्दल दंडातून सूट मिळते, आणि त्यातले नमुने दर महिन्याला छापले जातात. आपल्याकडे स्वेच्छेने माहिती देण्याची सोय आहे, पण ती माहिती जाते महासंचालनालयाकडेच. ज्याच्याकडे परवाना रद्द करण्याचा अधिकार आहे त्याच्याकडे चूक कबूल करायला जाणारा माणूस विरळाच. महासंचालक साहेब, ही एक गोष्ट तुम्ही बदला. आयआयटीसारख्या एखाद्या संस्थेकडे हे काम द्या आणि कायद्याने संरक्षण द्या.

प्राधिकरणाकडे मागणी याहून सोपी आहे. टॉवरच्या संभाषणाचं ध्वनिमुद्रण आंतरराष्ट्रीय नियमानुसार किमान ३० दिवस ठेवलं जातं. अपघात झाला तरच ते बाहेर काढायचं असं का? दर महिन्याला पावसाळी दिवसातला एखादा तास निवडा. इथले नियंत्रक आणि कोल्हापूरला नेहमी येणारे वैमानिक एका खोलीत बसवा. दोघांनी मिळून ते ऐकावं: कुठे रीडबॅक अर्धवट आला, कुठे दोन आवाज आदळले, कुठे नुसतं ‘रॉजर’, म्हणजे ‘निरोप मिळाला’, म्हणून वेळ मारून नेली. कुणाचंही नाव वहीत लिहू नका. नियंत्रकाला वर्षातून एकदा तरी उतरणाऱ्या विमानाच्या कॉकपिटमध्ये बसू द्या, आणि वैमानिकाला टॉवरमध्ये. आणि नियंत्रकांची संख्या वाढवा. त्यांच्या कमतरतेबद्दल आणि थकव्याबद्दल संसदेच्या समितीनेही चिंता व्यक्त केली आहे. दोन रात्री न झोपलेल्या माणसाचा कान कसा होतो ते मी वर लिहिलंच आहे.

सल्लागार समितीच्या सदस्यांना आणि माझ्या गावकऱ्यांनाही दोन शब्द. पावसात विमान उतरता उतरता पुन्हा वर गेलं, किंवा कोल्हापूर सोडून दुसरीकडे उतरलं, की आपल्याकडे काउंटरवर आरडाओरडा होतो, पुढाऱ्यांना फोन जातात, दुसऱ्या दिवशी ‘प्रवाशांचे हाल’ अशी बातमी येते. त्या ओरड्याचा दाब वैमानिकावर आणि टॉवरवर येतो. बोलणं नीट कळलं नाही म्हणून वर गेलेलं विमान हे व्यवस्थेने काम केल्याचं लक्षण आहे. समितीच्या पुढच्या बैठकीत नव्या मार्गांच्या मागणीबरोबर हा विषयही कार्यपत्रिकेवर घ्या, आणि विमान वर घेतल्याबद्दल कुठल्याही वैमानिकाला जाब विचारला जाणार नाही असा ठराव करा.

संयुक्त श्रवणाचा प्रयोग कोल्हापूरपासून सुरू करायला काहीच अडचण नाही. विमानं मोजकी, माणसं मोजकी, एक खोली पुरते. या पावसाळ्याआधी पहिली बैठक होऊ शकते. तिच्यातून काय निष्पन्न झालं ते नावं वगळून, मराठीत, विमानतळाच्या सूचना फलकावर लावावं. या पत्राचं लेखी उत्तर प्राधिकरणाने आणि महासंचालनालयाने सल्लागार समितीमार्फत द्यावं, ही विनंती.

आपला,
बिनतारी संदेश विभागातील एक निवृत्त कर्मचारी
कोल्हापूर